एमएच-०२ युरोपात: मुंबईची गाडी बोटीनं नेऊन फिरायचं असेल तर

आल्प्समधले उंच घाट साधारण मेअखेर-जूनमध्ये उघडतात आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरात बर्फानं बंद होतात. म्हणजे आपल्याकडे पावसाळा असतो तेव्हा तिकडचा मोसम. मार्चअखेर किंवा एप्रिलमध्ये गाडी न्हावा शेवातून निघाली, तर जूनला ती हातात असते आणि सप्टेंबरात परतीच्या बोटीवर चढवता येते. शेंगेन व्हिसावर कोणत्याही १८० दिवसांत ९० दिवसच राहता येतं. गाडीला मात्र युरोपीय संघात तात्पुरत्या आयातीवर सहा महिने मिळतात. या दोन मुदतींतली छोटी मुदत तुमची आहे, गाडीची नाही. आखणी तिथूनच करायची.

तीन आठवड्यांचीच सुट्टी असेल तर गाडी तिकडे भाड्यानं घ्या, तेच शहाणपणाचं. जाता-येता बोटभाडं, दोन्ही बंदरांचे आकार आणि एजंटचे पैसे धरले तर स्वतःची गाडी नेणं स्वस्तात होत नाही. पण दोन-अडीच महिने हातात आहेत, बरोबर आई-वडील आहेत, गुडघेदुखीमुळे वडिलांना ठरावीक उंचीचीच सीट लागते आणि मागे सगळा संसार भरून हवा तिथे मुक्काम करायचा आहे, तर आपली गाडी ती आपली गाडी.

कागदांची सुरुवात आरसीपासून. डिजिलॉकरमधली आरसी आणि लायसन्स आपल्याकडे चालतं, युरोपातल्या पोलिसाला ते दाखवून उपयोग नाही. दोन्हीची मूळ कार्डं जवळ हवीत. गाडीवर कर्ज असेल तर बँकेचं ना-हरकत पत्र लागतं आणि बँकेचा तो विभाग ते एका दिवसात देत नाही. गाडी कंपनीच्या किंवा वडिलांच्या नावावर असेल आणि ते बरोबर येत नसतील, तर नोटरी केलेलं इंग्रजी अधिकारपत्र करून घ्या. इंटरनॅशनल ड्रायव्हिंग परमिट आरटीओतून मिळतं. फॉर्म ४-अ, फी १००० रुपये, मुदत एक वर्ष. अर्ज सारथी पोर्टलवर करायचा. गाडी चालवणाऱ्या प्रत्येकाचं परमिट वेगळं आणि ते मूळ लायसन्सबरोबरच ग्राह्य धरलं जातं, एकटं नाही. इटली, स्पेन, ऑस्ट्रियात ते मागतातच.

गाडीच्या मागे पांढऱ्या लंबगोलात काळ्या अक्षरांत ‘आयएनडी’ हे देशचिन्ह हवं. अक्षरं किमान ८० मिलिमीटर उंच, लंबगोल २४० बाय १४५ मिलिमीटर. नंबरप्लेटवर डावीकडे निळ्या रंगात ही अक्षरं असतात, पण ती फार बारीक, त्यावर भागत नाही. दादरला कुठल्याही रेडियमवाल्याकडे माप देऊन स्टिकर कापून घेता येतो. अक्षरं रोमनमध्येच कापायला सांगा.

मग येतं कार्नेट, म्हणजे गाडीचा पासपोर्ट. मुंबईत ते चर्चगेटची वेस्टर्न इंडिया ऑटोमोबाइल असोसिएशन देते. मुदत एक वर्ष. प्रत्येक पानाचे तीन भाग असतात: एक देशात शिरताना कस्टम फाडून घेतं, एक बाहेर पडताना, आणि उरलेल्या स्थळप्रतीवर दोन्ही शिक्के राहतात. बाहेर पडतानाचा शिक्का राहिला तर त्या देशाच्या दृष्टीनं तुम्ही गाडी तिथे विकलीत, आणि त्यावरचा कर तुमच्या बँक गॅरंटीतून वसूल होऊ शकतो. गॅरंटीची रक्कम गाडीच्या किमतीवर आणि कोणत्या देशांतून जाणार यावर ठरते. युरोपीय संघात खासगी गाडीला कार्नेट सक्तीचं नाही. पण वाटेत इराणसारखा देश असेल तर त्याशिवाय सीमा ओलांडता येत नाही. कार्नेट असो-नसो, आपल्या कस्टमच्या निर्यातीच्या कागदावर चॅसिस नंबर आणि इंजिन नंबर आरसीशी अक्षरन् अक्षर जुळायला हवेत. परत येताना ‘हीच ती गाडी’ हे त्याच कागदावरून सिद्ध करायचं असतं.

इथेच एक धोका सांगायला हवा, कारण मराठी घरांत हा प्रसंग हमखास येतो. म्युनिकला भाचा आहे, तो म्हणतो, ‘मामा, तुम्ही विमानानं परत जा, गाडी महिनाभर मी वापरतो आणि मग बोटीवर चढवतो.’ हे करू नका. तात्पुरत्या आयातीची सवलत युरोपीय संघाबाहेर राहणाऱ्यासाठी आहे. तिकडे राहणाऱ्यानं ती गाडी अधूनमधून चालवली तर चालतं, पण तुमच्या सांगण्यावरून आणि तुम्ही स्वतः युरोपीय संघात हजर असताना. तुम्ही निघून गेलात की ती सवलत मोडली. मग गाडीच्या किमतीवर १० टक्के आयात शुल्क आणि त्यावर त्या देशाचा व्हॅट, जर्मनीत १९ टक्के, भरायची वेळ येऊ शकते.

इन्शुरन्सबद्दल मुंबईत बरेच गैरसमज आहेत. आपली कॉम्प्रिहेन्सिव्ह पॉलिसी भारतापुरती. जादा हप्ता भरून तिची हद्द वाढते, पण ती नेपाळ, भूतान, बांगलादेश, पाकिस्तान, श्रीलंका आणि मालदीवपर्यंतच. युरोपातल्या ग्रीन कार्ड व्यवस्थेत, म्हणजे एका देशाचा इन्शुरन्स दुसऱ्या देशात चालवून घेणाऱ्या करारात, भारत नाही. त्यामुळे पहिल्याच देशात ‘फ्रंटियर इन्शुरन्स’ नावाची थर्ड पार्टी पॉलिसी घ्यावी लागते. बंदरातून गाडी सोडवण्याआधीच ती ऑनलाइन किंवा एजंटकरवी घेऊन ठेवा, तिच्याशिवाय गेटबाहेर पडता येत नाही. पॉलिसी कोणत्या देशांत चालते त्या यादीत स्वित्झर्लंड आहे ना, ते स्वतः वाचून पाहा. ही पॉलिसी समोरच्याचं नुकसान भरते, तुमच्या गाडीचं नाही. दरीकडेच्या कठड्याला दार घासलं तर तो खर्च तुमचाच.

बोटीनं नेण्याचे दोन मार्ग: रो-रो, म्हणजे गाडी चालवत जहाजात चढवायची, किंवा कंटेनर. रो-रोत गाडीत सामान ठेवू देत नाहीत आणि किल्ली दुसऱ्याच्या हातात जाते. संसार बरोबर न्यायचा असेल तर कंटेनरच. वीस फुटी कंटेनरची आतली लांबी सुमारे ५.९ मीटर, दाराची रुंदी २.३४ आणि उंची २.२८ मीटर. गाडी १.८ मीटर रुंद असेल तर आरसे मिटल्यावर दोन्ही बाजूंना जेमतेम २७ सेंटीमीटर उरतात. दार उघडून माणूस बाहेर येणं अवघड. छतावर कॅरिअर असेल तर तो आधी उतरवा.

गाडी कंटेनरमध्ये उलटी, रिव्हर्समध्ये घाला. कारण असं: आत गेल्यावर बॅटरीची निगेटिव्ह तार काढावी लागते. बॅटरी निघाली की सेंट्रल लॉक आणि काचा दोन्ही बंद. गाडी नाकानं आत गेली असेल तर बॉनेट कंटेनरच्या बंद टोकाला राहतं, आणि अँटवर्पला किंवा हॅम्बुर्गला दार उघडल्यावर त्या २७ सेंटीमीटरच्या फटीतून बॅटरीपर्यंत पोचायचं कसं हा प्रश्न उभा राहतो. उलटी घातली तर बॉनेट दारापाशीच येतं: तार जोडली, चालू केली, सरळ बाहेर. आणि ड्रायव्हरची काच पूर्ण उतरवलेलीच ठेवा. बॅटरी काढल्यावर ती खाली होणार नाही, आणि बॉनेटचा खटका गाडीच्या आतच आहे.

टाकीत पाव टाकीपेक्षा जास्त पेट्रोल नको. चारही चाकांना पुढून-मागून लाकडी ठोकळे आणि पट्टे. ठोकळ्यांच्या लाकडावर आयएसपीएम-१५चा, म्हणजे कीड मारण्याची प्रक्रिया झाल्याचा शिक्का आहे का ते बघा. प्रक्रिया न केलेलं लाकूड युरोपच्या बंदरात अडतं. आतलं सामान मोजून, यादी करून, यादीतल्या शब्दांनीच पॅक करा. लोणची, मसाल्यांचे डबे, गॅसची शेगडी आणि सिलिंडर यांना पूर्ण फाटा द्या. २०२३ अखेरीपासून लाल समुद्रातल्या हल्ल्यांमुळे बरीच जहाजं केप ऑफ गुड होपला वळसा घालून जाऊ लागली, त्यानं प्रवास लांबला. बुकिंगच्या दिवशी मार्ग विचारा आणि वर दहा दिवस सुटे ठेवा. तुम्ही आधी पोचलात तर फक्त हॉटेलचा खर्च. गाडी आधी पोचली तर ठरलेले मोफत दिवस संपल्यावर कंटेनरचं भाडं आणि जागेचा दंड दररोज वाढत जातो.

आता खुद्द गाडीकडे बघू. हेडलाइटच्या काचेसमोर उभे राहा आणि बारीक अक्षरांतली खूण शोधा. त्यात तुमच्या उजवीकडे रोखलेला आडवा बाण असेल, तर दिवा डावीकडून चालणाऱ्या वाहतुकीसाठीच आहे. दोन्ही टोकांचा बाण असेल तर तो बदलता येतो, मॅन्युअलमध्ये त्याचा खटका किंवा मेनूतली सेटिंग दिलेली असते. आपल्या लो बीमचा प्रकाश सपाट नसतो. डावीकडे तो तिरका वर चढतो, म्हणजे कडेची माणसं आणि पाट्या दिसाव्यात. युरोपात त्याच डावीकडून समोरची गाडी येते आणि तो चढता पट्टा थेट तिच्या ड्रायव्हरच्या डोळ्यांत जातो. उपाय सोपा आहे. रात्री गाडी भिंतीपासून पाच मीटरवर उभी करा, लो बीम लावा, भिंतीवर प्रकाशाची वरची रेघ खडूनं आखा. मग हेडलाइटच्या काचेवर काळ्या चिकटपट्टीचा तुकडा सरकवत राहा, डावीकडचा चढ नाहीसा होऊन रेघ सपाट होईपर्यंत. प्रोजेक्टर दिव्यात प्रतिमा उलटी पडते, त्यामुळे अंदाजानं पट्टी लावली तर चुकीची बाजू झाकली जाते. भिंतीसमोरच करा. जागा पक्की झाली की काचेवर मार्करनं कोपरे आखून ठेवा.

मुंबईच्या गाडीतला सगळ्यात मोठा छुपा दोष म्हणजे रेडिएटरमधलं पाणी. इथे वर्षानुवर्षं कमी झालं की साधं पाणी ओतलं जातं, आणि बोरिवलीत त्यानं काही बिघडत नाही. अडीच हजार मीटरच्या घाटावर सप्टेंबरच्या पहाटे पारा शून्याखाली जातो. पाणी गोठलं की फुगतं आणि रेडिएटर, वेळ वाईट असेल तर इंजिन ब्लॉकसुद्धा, तडकतो. निघण्याआधी सगळं काढून कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटर निम्मं-निम्मं भरा. हे मिश्रण उणे ३५ अंशांपर्यंत टिकतं. वायपरच्या टाकीतलं पाणीसुद्धा संपवून तिकडचं वॉशर फ्लुइड भरा. बरोबर पुढचे ब्रेक पॅड, फ्यूज, बल्ब, इंजिनाचा पट्टा, तेल आणि हवेचे फिल्टर, दुसरी किल्ली. मॉडेलचं नाव तिकडे तेच असलं तरी आतले भाग वेगळे असू शकतात, म्हणून प्रत्येक भागाचा पार्ट नंबर कागदावर लिहून ठेवा. बीएस-६ डिझेल गाडीला तिकडचं डिझेल मानवतं, कारण दोन्हीकडे गंधकाची मर्यादा १० पीपीएमच आहे. धूर स्वच्छ करायला डिझेल गाडीत जे युरियाचं द्रावण भरतात, ज्याला आपण डीईएफ म्हणतो, त्याला तिकडे अ‍ॅडब्लू म्हणतात, पंपावरच मिळतं.

रस्त्याच्या उजवीकडून चालवणं दोन दिवसांत अंगवळणी पडतं. खरी अडचण स्टीअरिंग कडेच्या बाजूला असण्याची. दोन पदरी रस्त्यावर ट्रकच्या मागे असलात तर समोरचं तुम्हाला काहीच दिसत नाही, डावीकडे बसलेल्याला दिसतं. त्यामुळे ट्रकपासून आपल्याकडच्यापेक्षा दुप्पट अंतर ठेवा. शेजारचा ‘मोकळं आहे’ म्हणाला तरी स्वतःला दिसल्याशिवाय ओव्हरटेक नको. डाव्या आरशावर छोटा फुगीर आरसा चिकटवा, लेन बदलताना तोच कामाला येतो. मुलाला उजवीकडे, फुटपाथच्या बाजूला बसवा आणि मागच्या डाव्या दाराचं चाइल्ड लॉक लावून टाका. आपल्याकडे ते दार कडेला उघडतं, तिकडे भर रहदारीत. जर्मनीत १२ वर्षांखालच्या आणि दीड मीटरपेक्षा कमी उंचीच्या मुलाला चाइल्ड सीट लागते, मांडीवर बसवणं चालत नाही.

चूक होते ती गर्दीत नाही. गर्दीत बाकीच्या गाड्या वाट दाखवतात. चूक होते सकाळी, रिकाम्या रस्त्यावर, पेट्रोल भरून किंवा पार्किंगमधून बाहेर पडताना. हात आपोआप डावीकडे वळवतो. प्रत्येक सुरुवातीला शेजारच्यानं मोठ्यानं ‘उजवीकडे’ म्हणायची सवय लावून घ्या.

दुसरा नियम, जो मुंबईकराला कुणीच शिकवलेला नसतो: चौकात कुठलीच पाटी नसेल तर उजवीकडून येणाऱ्याचा हक्क पहिला, तो गल्लीतून आला तरी. पांढऱ्या काठाचा पिवळा, कोनावर उभा चौकोन दिसला की तुमचा रस्ता मुख्य. तोच चौकोन काळ्या रेघांनी खोडलेला दिसला की तो हक्क संपला. जर्मनी-ऑस्ट्रियात महामार्गावर गाड्या मंदावल्या की रुग्णवाहिकेसाठी मधे वाट ठेवायची: सगळ्यात डावी लेन डावीकडे, बाकीच्या सगळ्या उजवीकडे. सायरन ऐकू येण्याची वाट बघायची नाही, वेग मंदावताच सरकायचं.

वेगमर्यादा थोडक्यात. शहरात बहुतेक सगळीकडे ५०. महामार्गावर फ्रान्स, इटली, ऑस्ट्रियात १३०, पैकी फ्रान्स-इटलीत पावसात ११०. स्वित्झर्लंडमध्ये १२०. नेदरलँड्समध्ये सकाळी ६ ते संध्याकाळी ७ बहुतेक ठिकाणी फक्त १००. दारूची मर्यादा चेक, स्लोव्हाकिया, हंगेरी, रोमानियात शून्य. मोबाइलच्या अ‍ॅपमधली स्पीड कॅमेऱ्याची सूचना फ्रान्स आणि स्वित्झर्लंडमध्ये बेकायदा आहे, सीमेआधी बंद करा. लाल त्रिकोण, प्रथमोपचार पेटी आणि प्रत्येकासाठी चमकतं जॅकेट ठेवा. जॅकेट डिकीत नको, सीटखाली हवं, कारण ते घालूनच खाली उतरायचं असतं.

टोलचे दोन प्रकार. ऑस्ट्रिया, स्वित्झर्लंड, स्लोव्हेनिया, चेक, स्लोव्हाकिया, हंगेरी, रोमानिया, बल्गेरिया इथे मुदतीचा पास, विन्येट. स्वित्झर्लंडमध्ये तो वर्षाचाच मिळतो, ४० फ्रँक, आणि नसेल तर २०० फ्रँक दंड. बहुतेक ठिकाणी हा पास आता डिजिटल आहे, म्हणजे नंबरप्लेटशी जोडलेला, आणि कॅमेरा प्लेट वाचतो. इथे मुंबईचा नंबर घोटाळा करतो. एमएच-०२ मधलं ते शून्य आहे. घाईत तिथे रोमन ‘ओ’ टाइप झालं तर तुमच्या गाडीचा पास नाहीच, असं यंत्र समजतं. पैसे भरूनही दंड येतो. देशाच्या रकान्यात भारत निवडा, नंबर जागा आणि आडव्या रेघा न सोडता सलग टाका, पावतीवर पुन्हा एकेक अक्षर बोटानं तपासा. ऑस्ट्रियात ब्रेनरसारख्या काही पट्ट्यांचा टोल या पासात नसतो, तो वेगळा.

फ्रान्स, इटलीत आपल्यासारखे नाके आहेत, पण खिडकी डाव्या हाताला. एकटे असाल तर उतरून फिरून जावं लागतं, मागचे थांबतात, घाबरू नका. फ्रान्समध्ये हिरव्या बाणाची लेन धरा. नारिंगी ‘टी’ एवढंच असेल तर ती टॅगवाल्यांची. इटलीत तीच गोष्ट पिवळ्या टेलिपासची. चुकून शिरलात तर रिव्हर्स घेऊ नका, मदतीचं बटण दाबा. पॅरिसहून नॉर्मंडीकडे जाणाऱ्या ए-१३ वर नाकेच काढून टाकलेत. कॅमेऱ्याखालून गेल्यावर ७२ तासांत ऑनलाइन पैसे भरायचे.

इटलीतल्या जुन्या शहरांत झेडटीएल, म्हणजे बाहेरच्या गाड्यांना बंदी असलेला भाग, हा मोठा सापळा आहे: लाल वर्तुळाची पाटी आणि तिच्यापुढे कॅमेरा. खाली दिव्यांच्या पाटीवर ‘वार्को अत्तीवो’ असं दिसतं. वाचणाऱ्याला वाटतं वाट चालू आहे. अर्थ नेमका उलटा: नाकाबंदी चालू आहे, आत जाऊ नका. ‘नॉन अत्तीवो’ असेल तेव्हाच जायचं. फ्लोरेन्स, पिसा, रोममध्ये गाडी बाहेर ठेवून ट्राम-बस धरा. पार्किंगच्या निळ्या रेघा पैशाच्या, पांढऱ्या फुकट, पिवळ्या राखीव. जर्मनीतल्या बऱ्याच शहरांत हिरवा पर्यावरण स्टिकर लागतो, परदेशी गाडीलाही. आरसीवर भारत स्टेज-६ छापलेलं असतं ते दाखवून तो घ्या. अँटवर्प शहरात शिरायचं तर परदेशी गाडीची आधी ऑनलाइन नोंदणी करावी लागते.

पंपावर इटलीत ‘गॅसोलिओ’ म्हणजे डिझेल. नाव ऐकून पेट्रोलच्या गाडीत भरलं की टाकी उतरवायची वेळ येते. फ्रान्समध्ये ‘गाझोल’ हेही डिझेलच. नावापेक्षा खूण बघा: २०१८ पासून नोझलवर पेट्रोलला वर्तुळ असतं, त्यात ई-५ किंवा ई-१०, आणि डिझेलला चौकोन, त्यात बी-७. चुकलंच तर इंजिन चालू करू नका, किल्लीही फिरवू नका. तिथवर बिघाड फक्त टाकीपुरता असतो.

घाटाचं म्हणाल तर कसारा-आंबोली चालवणाऱ्याचा हात तयार असतो. स्टेल्व्हिओ २७५७ मीटरवर आहे आणि प्रातोच्या बाजूनं ४८ आकडी वळणं, प्रत्येकावर नंबर. उतरताना ज्या गिअरमध्ये चढला असता त्याच गिअरमध्ये उतरा. ब्रेकवर पाय ठेवून उतरलात तर निम्म्या वाटेवर पेडल मऊ पडायला लागतं. स्वित्झर्लंडमधल्या डोंगरी रस्त्यांवर पिवळ्या पोस्टबसला पहिला मान. तिचा तीन सुरांचा हॉर्न वळणापलीकडून ऐकू आला की थांबून जागा द्या.

परतीच्या आधी गाडी खालूनसुद्धा धुऊन घ्या. चाकांच्या खोबणीत माती राहिली तर तपासणीत तेवढ्यावरून उशीर होतो. जाण्या-येण्याचा बोटीचा वेळ धरून गाडी इतके महिने बाहेर राहते, तेवढ्यात इथली पॉलिसी आणि पीयूसी संपलेली असू शकते. दोन्हीच्या तारखा निघण्याआधीच बघून ठेवा. पॉलिसी तिकडूनच ऑनलाइन वाढवता येते. पीयूसी संपली असेल तर मात्र गाडी बाहेर काढल्या काढल्या पहिल्या केंद्रावर करून घ्या. फास्टॅगमध्ये पैसे भरा. न्हावा शेवाला गाडी ताब्यात आली की हेडलाइटवरच्या काळ्या पट्ट्या तिथेच उभ्या उभ्या काढा, त्याशिवाय उरणच्या रस्त्याची डावी कड रात्री अंधारात राहते. आणि बंदराच्या गेटातून बाहेर वळताना शेजारच्याला आता मोठ्यानं ‘डावीकडे’ म्हणायला सांगा, कारण तीन महिन्यांनी हात उजवीकडे वळलेला असतो.